सोमवार धरणारा मासा

शेजारच्या शिवप्पाअण्णांचा मासा सोमवारचा उपास करतो, हे ऐकलं तेव्हा वाटलं, सोलापूरच्या उन्हानं माझं डोकं फिरलं. नंतर कळलं, फिरलं होतं ते अण्णांचं.

मंगळवार पेठेत अण्णांचं ज्वारी-तुरीचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, आणि ओसरीवर पत्र्याच्या चौकटीत काचा बसवून केलेली पेटी. पेटीत पाणी, पाण्यात दगड, दगडावर मासा. रंगीत वगैरे नव्हे बरं का. मातकट, बोटभर, जाड डोक्याचा, तळाशी बसून वर बघणारा. अक्कलकोटाकडच्या एका आटलेल्या ओढ्यात, घोटभर पाण्यात तो तडफडत होता. अण्णांनी तांब्यात घालून आणला.

मासा मोठा चिवट. उन्हाळ्यात नळ आटले की अण्णा त्याला विहिरीचं मचूळ पाणी घालत. त्या पाण्यात आमची डाळ शिजत नसे, हा मजेत.

"खात्रीचा माल हाय, मास्तर," अण्णा म्हणत. ज्वारी असो, मासा असो की कुणाचा जावई, पसंत पडला की खात्रीचा माल.

"पण हा खातो काय?"

"भाकरीचा चुरा. सोमवारी तेबी न्हाय. आमच्या घरात ऱ्हायचं तर रीत पाळाय पायजे की."

त्या पेटीत डासांच्या अळ्या वळवळताना मी पाहिल्या होत्या, आणि चुरा तळाला कुजत पडलेलाही. पण शाळेबाहेर फुकट शिकवायचं नाही हा माझा नियम. 

अण्णांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. भाकऱ्या स्वतःच थापत. त्या मी खाल्ल्या आहेत. मासा खात नसे यात त्याचा काही दोष नाही. म्हणून श्रावणात त्यांची थोरली बहीण, नीलव्वा अक्का, गावाकडून कायमचं घर सांभाळायला आली तेव्हा अण्णांपेक्षा मलाच आनंद झाला. अक्कांची शेंगाचटणी वाटीनं आमच्याकडे येऊ लागली.

पण अक्कांनी पेटी पाहिली आणि सांगून टाकलं, "घरात हे तरी ऱ्हाईल, न्हायतर मी."

"अक्का, शाकाहारी हाय की त्यो. सोमवार धरतो," अण्णांनी हात जोडले.

अक्का भाविक. विरघळल्या. गल्लीत बोलबाला झाला. शेजारच्या हातमागवाल्या पद्मशाली बायका येऊन बघून गेल्या. कुणीतरी पेटीत बेलाचं पान वाहिलं.

आणि श्रावणी सोमवारीच घात झाला. संध्याकाळी अक्का दिवा घेऊन पेटीपाशी गेल्या, तेवढ्यात एक अळी वर आली. मासा दगडावरून उसळला आणि गट्ट.

"सोमवारी!" अक्का एवढंच म्हणाल्या. मंगळवारी खाल्ली असती तर एक वेळ निभावलं असतं.

सकाळी टांगा आला. अण्णांनी ट्रंक स्वतः उचलून ठेवली, अक्कांच्या पाया पडले, पण मासा सोडून देतो असं काही म्हणाले नाहीत. मला रागच आला. त्यात थोडा राग चटणीचाही होता, खोटं कशाला बोलू?

"अण्णा, एका माशापायी सख्खी बहीण घालवलीत?"

अण्णा पेटीजवळ बसले. "अळ्या खातो ते मला कवाचं ठावं हाय, मास्तर. डासांसाठी मीच झाकण काढून ठेवतो की."

"मग?"

"आमची बायको होती तवा दुकानातनं आलो की मी पयल्यांदा विचारायचो, ऊटा आतेन?"

कानडीत म्हणजे, जेवलीस का.

"थांबलेलीच असायची. मला ठावं असायचं, तरी विचारायचो. आता कुणाला विचारल्याबिगर घास उतरत न्हाय, म्हणून ह्याला विचारतो." त्यांनी पेटीची काच पुसली. "अक्काला विचारून बघितलं. न्हाय जमलं."

मी घरी आलो. रात्री ताटावर बसलो, पण मलाही जेवण जाईना. शेवटी उठून भिंतीशी गेलो आणि माझ्या मोडक्या कानडीत ओरडलो, "अण्णा, ऊटा आतेन?"

 पलीकडून आवाज आला.

"न्हाय, मास्तर. त्याचं झालं. आता बसतो."