पुठ्ठ्यातलं कीर्तन

बेंबळीच्या कीर्तनात विष्णुपंतबुवा भर सभेत ध्रुवाच्या आईचं नाव विसरले, आणि तेव्हापासून त्यांना बोलावणंच येईना. कीर्तनावाचून बुवा म्हणजे वातीवाचून निरांजन. वर्षानं जळकोटहून बाबूरावाच्या तेराव्याचं आमंत्रण आलं, तेव्हा बुवांनी जुन्या पंचांगाचा पुठ्ठा घेतला, त्यावर कीर्तन लिहिलं आणि माणसागणिक जे बदलतं तिथं खिडक्या कापल्या. खाली चिठ्ठी सरकवायची. चिठ्ठी बदलली की कीर्तन नवं.

"आता अडलो, तर चिपळ्या खुंटीला," ते बायकोला म्हणाले. "प्रमोदिनी, तू पुढं जा. घरचे सांगतील ते जसंच्या तसं लिही. पदरचं काही घालू नकोस."

"आणि सांगण्याजोगं नसलं तर?"

"मेलेल्याबद्दल कोण वाईट सांगतंय?"

प्रमोदिनीबाईंनी बाबूरावाच्या बायकोला, अनसूयेला, विचारून चिठ्ठी लिहिली आणि पुठ्ठ्याखाली सरकवली. बुवांनी आधी वाचावी, तर मांडव भरलेला, साथीला उभ्या धोंडीबाचे टाळ सुरू झालेले.

"अर्धांगीला ह्या पुण्यवंतानं काय दिलं?" बुवांनी स्वर चढवला, डोळे खिडकीला लावले. "तर... हिरीत ढकलून दिलं, दोनदा!"

धोंडीबाला शेवटचा शब्द उचलायची सवय. "दोनदा हो दोनदा!"

बुवांनी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. थांबावं, तर पुठ्ठ्यापलीकडचं काहीच आठवत नव्हतं.

"लेकीला काय दिलं? तर... कानाखाली. बहिरी झाली पोर. अंतकाळी मुखी काय आलं? तर... भाकर करपली!"

"करपली हो करपली!"

कुणी हसलं नाही. निजामी जाऊन दहा वर्षं झाली होती. ह्या घरातली तेरा दिवसांपूर्वी गेली होती. बाबूरावाचा भाऊ काठी घेऊन उठला. बुवांनी पुठ्ठा डोक्यावर धरला.

"बस खाली!" बायकांतून आवाज आला. बाबूरावाची आई होती, सीताबाई. "खरं हाय त्ये. दुसऱ्या बारीला म्याच दोर सोडला व्हता हिरीत. बुवा, तुमी चालू द्या फुडं."

बुवांनी चालू दिलं. आरतीपर्यंत एक शब्द अडला नाही.

परतताना एसटीत ते म्हणाले, "अगं, निदान एकदा वाचून तरी पाहायचंस!"

"पाहिलं की. तीनदा," खिडकीबाहेर बघत प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पदरचं काही घातलं नाही."

आता कुणी दारात उभं करणार नाही, म्हणून बुवांनी चिपळ्या खुंटीला लावल्या. आठव्या दिवशी सकाळीच दारात पाच बायका उभ्या.

बुवांना गहिवरून आलं. "या माय. तेरावा कुणाचा, आणि कधी?"

"त्याला येळ हाय, बुवा," पुढची रुद्रम्मा शांतपणे म्हणाली. "मालक शेतावर गेल्यात. तवर चिठ्ठी तेवढी लिवून ठिवा."