ड्रॉइंगमध्ये नसलेला भाग

प्रबुद्ध मेश्रामची नवी गाडी दर शनिवारी कोकलायला लागायची आणि बुधवार उलटला की आपोआप शहाणी व्हायची.

मुलुंड पूर्वेच्या नवघर रोडवर गाडी चालवण्यापेक्षा सरकवावीच जास्त लागते. नेमका तिथेच तिला जोर चढे. पुढे रिक्षा नाही, माणूस नाही, रस्ता ओलांडणारे मांजरही नाही, तरी डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटायचा, टूं टूं टूं सुरू व्हायचे आणि गाडीतली बाई कडक आवाजात सांगायची, "समोर अडथळा आहे." तेवढ्यावर भागले नाही तर गाडी स्वतःच करकचून ब्रेक मारायची. मग मागचा रिक्षावाला खाली उतरून प्रबुद्धच्या सगळ्या घराण्याची चौकशी करायचा.

बरे, गाडी ऐरीगैरी नव्हती, होशिकावा होती. प्रबुद्ध औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासायचा. पाकिटात एक गोळी कमी निघाली तर तिचे कारण सापडेपर्यंत त्याला जेवण जात नसे. असा माणूस गाडी घेतो तेव्हा आधी कंपनीची कुंडली काढतो. होशिकावांचे आजोबा सायकलच्या घंट्या बनवत, एकदा एका घंटेचा आवाज बद्द आला म्हणून त्यांनी हजार घंट्या वितळवल्या, मग नातवाने तीनचाकी टेम्पो काढला आणि शेवटी मोटारी, हे सगळे त्याला तोंडपाठ होते. बायकोला, म्हणजे दर्शनालाही ते आता तोंडपाठ झाले होते, पण नाइलाजाने.

गाडी घेण्यामागे खरे कारण मात्र आई होती. राधाबाई हिंगणघाटहून दोन महिने राहायला येणार होत्या. भांडुपच्या बुद्धविहारात त्यांच्या ओळखीच्या बायका होत्या. दर रविवारी आईला आपल्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसवून विहाराच्या दारात उतरवायचे, एवढे एकच चित्र प्रबुद्धने डोक्यात धरले होते. ते त्याने सोसायटीत भेटेल त्याला सांगितलेही होते.

आई आली. कुर्ला टर्मिनसवरून मुलुंडपर्यंत गाडी सतरा वेळा ओरडली. प्रबुद्ध घामाघूम झाला आणि लाज झाकायला त्याने आजोबा होशिकावांच्या घंट्यांची गोष्ट सांगितली.

"घंट्यावाल्यायनं बनवली का?" आई हसली. "मंग वाजणारच त."

म्हणजे पहिल्या दिवशी ती हसली होती. पण पुढच्या रविवारी प्रबुद्ध किल्ली फिरवत उभा राहिला तेव्हा आईने पदर नीट केला आणि म्हणाली, "मले रिक्षा बरी."

"अगं आई, गाडी आहे ना खाली."

"तुह्या गाडीत मी नाई बसत."

काहून, ते तिने सांगितले नाही. प्रबुद्धला फार लागले. गाडीच्या आवाजाला ती घाबरली, हे त्याने मनाशी पक्के केले आणि त्या दिवसापासून त्याने होशिकावा कंपनीचा पिच्छा पुरवला.

कांजूरमार्गच्या सर्व्हिस सेंटरमध्ये निहार नावाचा टाय लावलेला तरुण होता. गाडी आली की आधी तिला फवाऱ्याखाली खसखसून आंघोळ, मग तपासणी, असा तिथला रिवाज. तीन बुधवार गाडी गेली, तीन वेळा न्हाऊन परत आली आणि तिन्ही वेळा कागदावर एकच वाक्य आले: 'दोष आढळला नाही.'

"सर, मी स्वतः दोन तास फिरवली. गाडी एकदम झकास आहे," निहार म्हणाला.

"झकास आहे तर शनिवारी पुन्हा बोंबलते का?"

"सर, शनिवारी ती आमच्याकडे नसते ना."



प्रबुद्धने मग होशिकावा पीडित मंच नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप गाठला. शिरला तो कंपनीची बाजू मांडायला, पण दोन आठवड्यांत तिथला अॅडमिन झाला. घाटकोपरच्या जयंतीबेनची गाडी देवळाबाहेर पडताना थांबायची, बोरिवलीच्या एका डॉक्टरांची सिग्नल सुटल्यावर थांबायची. सगळ्यांची तक्रार सारखी आणि कंपनीचे उत्तरही सारखे.

या सगळ्यात एक माणूस प्रबुद्धइतकाच तळमळत होता. तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ रेगे. बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि दुसऱ्याची अडचण दिसली की स्वतःचा चहा गार करणारे.

"प्रबुद्ध, माझं ऐकशील? दृष्ट लागलीय रे तिला."

"भाऊ, कारणाशिवाय काही होत नसतं."

"अरे, दृष्ट हेच कारण."

"वायर सैल असेल, सॉफ्टवेअर गंडलं असेल. लिंबू-मिरचीनं गाडीला घंटा फरक पडत नाही. मी लिहून देतो!"

भाऊ गप्प बसले. भाऊ गप्प बसले की काळजी करावी, हे प्रबुद्धला एवढ्या वर्षांत कळायला हवे होते.

शेवटी प्रबुद्धने थेट जपानला पत्र लिहिले. सहा पाने. त्यातली चार कंपनीच्या इतिहासाची, कारण तक्रार झाली तरी ती मानाने करावी असे त्याचे मत. पाचव्या पानावर तक्ता: कुठल्या वारी गाडी किती वेळा ओरडली. शनिवारी सर्वांत जास्त, मग कमी कमी होत गुरुवारी शून्य. सहाव्या पानावर एकच ओळ, 'माझी आई या गाडीत बसत नाही.'

अकराव्या दिवशी उत्तर आले. कंपनीचे जुने इंजिनियर हायाशी पुण्याला येणार होते, ते मुलुंडला येऊन जातील. गाडी जिथे बिघडते तिथेच आणि जशी आहे तशी बघतील. खाली अधोरेखित केलेले: कृपया गाडी धुवू नये.

"हा एकदाच येणार," प्रबुद्ध दर्शनाला म्हणाला. "यालाही नाही सापडलं तर संपलंच. आई महिनाअखेर जाते."

"अरे, सापडेल. आणि नाही सापडलं तर रिक्षा आहेच की."

"तू पण?"

शनिवारी सकाळी दहाला निहार हायाशींना घेऊन आला. साठीचे, बुटके, पायात कॅनव्हासचे बूट, खिशात वही. अर्धी सोसायटी पार्किंगमध्ये जमली होती. राधाबाई रोजच्यासारख्या गाडीसमोरच्या बुटक्या कट्ट्यावर उन्हाला बसल्या होत्या. भाऊंनी पाहुण्यांना गुलाबाचे फूल दिले आणि प्रबुद्धच्या कानात सांगितले, "काळजी करू नकोस. आज खास बंदोबस्त केलाय." कसला, ते विचारायला प्रबुद्धला सुचले नाही.

हायाशींनी बॉनेट उघडलेच नाही. तक्ता बराच वेळ पाहिला आणि इंग्रजीत विचारले, शनिवारी काय होते?

"सुट्टी असते," प्रबुद्ध म्हणाला.

हायाशींनी मान हलवली. मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढले, गाडीपुढे पसरले आणि त्यावर सरळ आडवे झाले. थोड्या वेळाने खालून दोन शब्द आले. निहार वाकला आणि जरा चेहरा पाडून सरळ झाला.

"सर विचारतायत, हा पार्ट कुठला? म्हणतात, आमच्या ड्रॉइंगमध्ये नाहीये."

हायाशी उठले तेव्हा त्यांच्या हातात काळ्या दोऱ्यात ओवलेली तीन टप्पोरी लिंबे आणि एकवीस मिरच्या होत्या. बंपरच्या खालच्या कडेला, बरोबर सेन्सरच्या तोंडापुढे, उभ्या माणसाला दिसणार नाहीत अशा बेताने त्या बांधल्या होत्या. गाडी हळू चालली की लिंबे झुलायची आणि गाडीला वाटायचे, कोणीतरी आडवे आले. बुधवारपर्यंत ती सुकून आक्रसायची. कांजूरमार्गच्या फवाऱ्यात तर दोरीसकट वाहून जायची.

भाऊ खांबाआड गेले, पण पोट बाहेर राहिले.

"का?" हायाशींनी विचारले. पाच वेळा 'का' विचारले की मूळ कारण हाती लागते, ही त्यांची पद्धत. प्रबुद्धच्या ऑफिसातल्या भिंतीवर ती फ्रेम करून लावलेली होती.

"मी बांधलं," भाऊ खांबाआडून म्हणाले. "गाडी आली त्याच शनिवारी. तिला काही होऊ नये म्हणून."

"मग तीन का?"

"आधी एकच होतं. पण गाडी बिघडायला लागली. म्हणून दोन केली. तरी बिघडली, म्हणून तीन."

निहारने भाषांतर केले. हायाशींनी वहीत लिंबू काढले, त्यातून बाण काढून गाडी काढली, गाडीतून बाण काढला तो पुन्हा लिंबाकडे आला. चाळीस वर्षांच्या नोकरीत असा गोल त्यांनी पाहिला नसावा.

प्रबुद्ध मात्र भडकला होता. "भाऊ, मी असलं काही मानत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"म्हणून तर खालून बांधलं. तू मानत नाहीस, मी मानतो. तुझं काय बिघडलं त्यात?"

"गाडी बिघडली! अख्ख्या सोसायटीत माझीच गाडी का दिसली तुम्हाला?"

"आई यायच्या होत्या ना रे," भाऊ हळूच म्हणाले. "महिनाभर तेच बोलत होतास. आई येणार, आईला पुढे बसवणार. म्हटलं, सगळं नीट होऊ दे पोराचं."

शिवी द्यावी की हात धरावा, प्रबुद्धला कळेना. तेवढ्यात कट्ट्यावरून आवाज आला.

"म्हंजे, ते तू नाई बांधलं?"

सगळ्यांनी वळून पाहिले. राधाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"आई, तुला ते दिसत होतं?"

"समोरच त बसतो मी. पहिले एक होतं, मंग दोन. तू गॅरेजातून आला का लिंबू वाढलं. मी म्हटलं, पोरगं मुंबईत शिकलं अन् हेच शिकलं. असं लटकवलेल्या गाडीतून विहारापुढं उतरू का मी? बाया काय म्हणतीन?"

"म्हणून तू बसत नव्हतीस? मला वाटलं, आवाजामुळं!"

"आवाजाले काय भेवाचं? जिंदगीभर एसटीनं फिरले मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुही गाडी, तुहं घर. दोन महिन्यांसाठी आलेल्या मायनं काय बोलावं?"

प्रबुद्धला रडूच आले. जपानपर्यंत पत्र गेले, पण गाडीसमोरच्या कट्ट्यापर्यंत जाऊन 'आई, काहून नाही बसत?' एवढे एकदा नीट विचारायचे त्याच्याकडून राहून गेले होते. दर्शनाने रुमाल पुढे केला.

निहारने टॅबवर फॉर्म भरला. कारण: लिंबू-मिरची. उपाय: लिंबू-मिरची काढणे. ग्राहकाची सही. आयुष्यभर लिंबाने काही होत नाही असे सांगत आलेल्या प्रबुद्धने, लिंबाने गाडी थांबते या वाक्याखाली मुकाट्याने सही केली.

"याची एक कॉपी मला हवी," भाऊ खांबाआडून पूर्ण बाहेर आले. "सोसायटीच्या फायलीत ठेवतो. बघ, कंपनीनं लेखी दिलं. मी सांगत होतो ना, लिंबात ताकद असते!"

संध्याकाळी प्रबुद्धने ग्रुपवर सगळे सविस्तर लिहिले, फोटोसकट. दोन तास कोणीच काही बोलले नाही. एकशे चाळीस माणसे आपापल्या पार्किंगमध्ये वाकली असणार. मग बोरिवलीच्या डॉक्टरांनी नुसता अंगठा टाकला. शेवटी जयंतीबेनने विचारले, "लिंबू मागे बांधला तर चालेल ना?"

रविवारी सकाळी राधाबाई पांढरी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या. प्रबुद्धने गाडी अलगद बाहेर काढली. आवाज नाही, त्रिकोण नाही. आईने काचेतून सोसायटीकडे पाहिले, डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगली हाये."

गेटपाशी टूं टूं टूं सुरू झाले. "समोर अडथळा आहे," बाई म्हणाली आणि गाडी थांबली.

या वेळी बाई खरे बोलत होती. समोर दोन्ही हात पसरून भाऊ उभे होते, काखेत कापडी पिशवी.

"भांडुपला चाललाय ना? मला मार्केटपाशी सोड. सुरमई आणायचीय."

प्रबुद्धने आईकडे पाहिले.

"घे त्यायलेबी," आई म्हणाली. भाऊ मागच्या सीटवर बसले तसे तिने वळून पिशवीकडे बोट दाखवले. "त्यात काय हाये?"

"काही नाही हो. रिकामी आहे."

"उलटी करा."

भाऊंनी पिशवी उलटी केली. एक पिवळेधमक लिंबू सीटवर घरंगळले.

"ते सुरमईवर पिळायला!" भाऊ घाईघाईने म्हणाले. "शपथ!"

"मंग हातात धरा. दोन्ही हातांत."

भाऊंनी भांडुपपर्यंत ते लिंबू ओंजळीत धरून नेले. गाडी वाटेत एकदाही ओरडली नाही.