पाऊण तासाचं विमान पावणेदोन तासांत

‘गुन्हेगारांचा कर्दनकाळ, सत्याचा एकमेव वाली, सूक्ष्म निरीक्षणाचा बादशहा,’ अशी स्वतःची ओळख डिटेक्टिव्हसाहेबांनी दारावर रंगवून घेतली होती. दारावरची घंटा सहा वर्षं बंद होती, तेवढं बादशहाच्या निरीक्षणात आलं नव्हतं. त्यांचा सहायक म्हणजे त्यांचा मेव्हणा. बहिणीच्या संसारासाठी तो हे सगळं सोसत होता.

त्या सकाळी एका पायलटची बायको आली. रडून रडून डोळे सुजलेले.

“इथून बेटावरचा विमानतळ दोनशे चाळीस किलोमीटर. उड्डाण पाऊण तासाचं. पण दोन महिने झाले, ह्यांना जाताना पावणेदोन तास लागतात. येताना मात्र बरोब्बर पाऊण! कंपनीला वाटतं, हे इंधन चोरतात. सोमवारपर्यंत खुलासा नाही दिला तर नोकरी जाईल. आणि हे आहेत की तोंडच उघडत नाहीत.”

साहेबांनी नकाशावर दोरा ताणला. “अंतर वाढलंय! बेट सरकतंय!”

“भाऊजी, नकाशाला सुरकुती आहे,” मेव्हणा म्हणाला.

“मग वाटेत गुप्त धावपट्टी.”

“वाटेत समुद्र आहे.”

“मग परस्त्री!”

बाईंनी हुंदका दिला. मेव्हण्याला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. “हवेत, भाऊजी?”

दुसऱ्या दिवशी तिघंही त्याच विमानात बसले. नऊ आसनांचं विमान. पाऊण तासात बेट दिसलं आणि विमान त्यावर घिरट्या घालू लागलं.

“पाहिलंस? साथीदारांना इशारा!” साहेब गरजले आणि लगेच कागदी पिशवीत तोंड खुपसून गप्प झाले. पुढचा सगळा तपास त्यांनी पिशवीतूनच केला.

बाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. एकदम ओरडल्या, “अगं बाई! ते बघा, स्वयंपाकघराच्या पायरीवर ताट घेऊन बसलेत! आमचे बाबा!”

बेटावरच्या टॉवरमध्ये विमानं उतरवायला बाईंचा हा म्हातारा बाप एकटाच होता. बायको होती तोवर ती डबा टॉवरवर नेऊन द्यायची. दोन महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून म्हातारा दुपारी घरी जायचा, स्वतः रांधायचा, जेवायचा, आणि मग विमानाला उतरायची परवानगी द्यायचा.

बाई तडक पडद्याआड नवऱ्याकडे गेल्या. “बोलला का नाहीत?”

“काय बोलू? सासरे आहेत. निवृत्तीला चार महिने उरलेत. माझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल. त्यांना या वयात कोण ठेवणार?”

बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“म्हणजे परस्त्री नाही तर,” साहेब पिशवीतून म्हणाले. “मी आधीच ओळखलं होतं.” मेव्हण्याने त्यांना दुसरी पिशवी दिली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी वडिलांना फोन करून त्यांचा डबा नवऱ्याच्या हातात ठेवला. विमान बेचाळीस मिनिटांत उतरलं. बेट अजून दिसतही नव्हतं, तेव्हाच रेडिओ खरखरला होता. वाऱ्याची दिशा नाही की धावपट्टीची स्थिती नाही.

“या या जावईबापू, परवानगी आहे! भाजी कसली आहे?”