पाटोदेकर सरांची दुरुस्ती

सिडकोतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या उजव्या डोळ्याभोवती काळं दिसलं तर मारामारी झाली असं समजू नये. तो माणूस नुकताच पाटोदेकर सरांना भेटलाय, एवढंच.

सर आमचे शेजारी. ज्युनियर कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. खिशात कायम काजळी धरलेली काचेची पट्टी, आणि तिच्यावर ब्लेडनं अगदी जवळजवळ ओढलेल्या दोन बारीक रेघा. ती डोळ्याला लावून बल्बच्या तारेकडं बघितलं, की उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. "दोन्ही फटींतल्या लाटा एकमेकींत मिसळायल्यात. म्हणजे उजेड ही लाट!" सर सांगतात. बघणारा "वा वा" करून सुटायला बघतो, तेवढ्यात सर त्याची बाही धरतात. "पण भिंतीवर आपटताना तोच उजेड कणासारखा ठिपक्या-ठिपक्यानं आपटतो. आता बोला!" बाही धरलेला बहुतेक दूधवालाच असतो. सगळ्या गल्लीला दूध उशिरा मिळतं. आमची ही एकदा तसाच डोळा घेऊन हळदीकुंकवाला गेली, तर तिथल्या बायका महिनाभर माझ्याकडं संशयानं बघत होत्या.

मला हे सगळं रिकामपणाचं खूळ वाटायचं. मग एका रविवारी सर जुनं हजेरीपत्रक घेऊन आले आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "देशमुख, मी पोरांना चुकीचं शिकवलं."

झालं होतं असं. आपलं शहर बावन्न दरवाज्यांचं, म्हणून वर्गात सर फटी न म्हणता दरवाजे म्हणत. "दोन दरवाजे समजा. आठवडी बाजार सुटलाय. दोन्हींतून गर्दी येते, धक्काबुक्की होते, कुठं माणसं दाटतात, कुठं मोकळं राहतं. हेच ते पट्टे." उदाहरण घरचं, त्यामुळं पोरांनाही पटायचं आणि सरांनाही. फक्त सिल्लोडचा सलीम नावाचा मुलगा एकदा उभा राहिला. "सर, बाजारात एकच माणूस असला तर? एकेक कण सोडला तर?" सर म्हणाले, "मग धक्का कोण देणार? पट्टे पडणार नाहीत. बस खाली." सलीम बसेना, पुन्हा तेच विचारू लागला. सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, वाचनालयातल्या एका पुस्तकात सरांनी वाचलं की एकेक कण सोडला तरी पट्टे पडतात. प्रत्येक कण एकच ठिपका उमटवतो, पण हजारो ठिपके साचले की तेच पट्टे तयार होतात. उजेडाचं जाऊ द्या, इलेक्ट्रॉनसुद्धा असंच वागतात. गर्दीचा आणि धक्क्याचा संबंधच नाही.

"सोडा हो सर, कुणाला आठवतंय?"

"मला आठवायलंय ना."

झालं, एकेका विद्यार्थ्याला गाठून दुरुस्ती सुरू झाली. स्कूटर माझी, मागं सर, त्यांच्या मांडीवर त्या वर्गाची हजेरी. एक विद्यार्थी शेंद्र्याच्या कारखान्यात गेटवर होता. सगळं ऐकून तो हात जोडून म्हणाला, "सर, मला तवाबी कळलं नव्हतं, आताबी नाय. तुमच्यामुळं माजं कायबी नुकसान झालं नाय बगा." सरांनी त्याच्या नावापुढं टिंब केलं. अशी महिनाभर टिंबं झाली. सलीमचं नाव मात्र शेवटाला राहिलं. चार वेळा सिल्लोडला जायचं ठरलं आणि चारही वेळा सरांचं पोट बिघडलं.

शेवटी मी त्यांना धरून एसटीत बसवलं. सलीमचं तिथं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. सर त्याच्यासमोर ताठ उभे राहिले. "सलीम, तुझा सवाल बरोबर होता. एकेक कणानंही पट्टे पडतात. मी तुला बाहेर काढलं. माझं चुकलं." मी रस्त्याकडं बघत राहिलो.

सलीम गडबडला. "अरे सर, मेरेकू तो याद बी नै."

सरांचा चेहरा उतरला. ज्याची माफी मागायची त्याला अपराधच ठाऊक नव्हता. सलीमनं स्टूल पुढं केलं, चहा सांगितला आणि पाना हातात घेऊन कामाकडं वळता वळता थांबला. "पन सर, एकटाच आला, तर गेला कंच्या दरवाज्यातनं?"

सर स्टुलावरून उठलेच. "दरवाज्यावर पहारा ठेवला तर एकाच दरवाज्यात सापडतो. पण मग पट्टे पडत नाहीत."

"आन् पहारा नाय ठेवला तर?"

"माहीत नाही, बेटा. खरंच माहीत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही इतक्या आनंदानं म्हटलेलं. मग तासभर दोघं बोलत बसले. ट्रॅक्टरचा मालक ओरडून निघून गेला.

परतीच्या एसटीत सर फुलंब्री गेल्यावर म्हणाले, "देशमुख, निवृत्त झाल्यापासून मीच सगळ्यांना सांगत फिरायलो. चार वर्षांत मला कुणी एक सवाल विचारला नव्हता हो."

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मीही विचारला नव्हता. फार लाज वाटली. काहीतरी विचारावं म्हणून डोकं खाजवत राहिलो. हर्सूल आलं तेव्हा कुठं सुचलं.

"सर, उजेडाला वजन असतं का?"

सर सीटवर माझ्याकडं वळून बसले.