किल्ली टपालाने येतेय

मर्ल हॉस्टेटर कायदा वाचायला बसला की घरात काहीतरी विपरीत घडणार, हे व्हर्नाला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कळून चुकलं होतं. तेव्हा त्याने धुराड्याविषयीचे नियम वाचून काढले होते आणि आपलं धुराडं नियमात बसत नाही म्हणून दोघं महिनाभर कोट घालून जेवत होते. या खेपेला निमित्त होतं त्याच्या रिव्हॉल्व्हरचं.

शनिवारी दुपारी नात टेसाचं लग्न होतं, तिकडे व्हरमाँटमध्ये, व्हर्नाचा भाऊ लोवेल याच्या शेतावर. रविवारी त्याच शेतावर जुन्या रिव्हॉल्व्हरांची नेमबाजी ठेवलेली. ‘पेनसिल्व्हेनियावाल्यांना कोठाराची भिंतसुद्धा टिपता येत नाही,’ असं लोवेल दर नाताळाला फोन करून मर्लला सांगायचा. तेव्हा रिव्हॉल्व्हर नेणं भाग होतं. पेनसिल्व्हेनियात ते चालतं, व्हरमाँटमध्ये चालतं, पण मध्ये आडवं पसरलंय न्यूयॉर्क, आणि तिथल्या परवान्याशिवाय तिथे ते चालत नाही. नुसतं पार जायचं असेल तर देशाचा कायदा मुभा देतो, पण ते रिकामं हवं, कुलपात हवं आणि हाताशी नको.

“हाताशी नको,” मर्ल आठवडाभर घोकत होता. “कळलं ना व्हर्ना? हाताशी नको!”

“माझ्या हाताशी सध्या पंधरा बरण्या आहेत,” व्हर्ना म्हणाली. “तुझी ती पेटी जेवणाच्या टेबलावरून हलव.”

निघायच्या आदल्या संध्याकाळची ही गोष्ट. लग्नातल्या पाहुण्यांसाठी तिने सफरचंदाचा मुरांबा केला होता आणि फुटू नयेत म्हणून एकेक बरणी ती भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळत होती. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन, फोनवर मुलगी जनीन, आणि जनीनच्या तोंडी मांडवातल्या खुर्च्यांचं रडगाणं. मर्लने रिव्हॉल्व्हर पेटीतल्या खोबणीत ठेवलं, पुन्हा पाहिलं, आणि कुलूप आणायला तळघरात गेला. व्हर्नाच्या एप्रनच्या खिशात तिच्या आईची अंगठी होती. परवा नवरदेव तीच टेसाच्या बोटात घालणार होता. जनीनने पन्नासदा बजावलं होतं, “आई, अंगठी कुलपात ठेवून आण.” घरात कुलूप लागेल अशी एकच वस्तू होती. व्हर्नाने जनीनला “हो गं, हो” करत करत अंगठीची डबी पेटीत बसवली, झाकण लावलं आणि पुढचं फडकं उचललं. मर्ल वर आला, हे एवढं थोरलं कुलूप लावलं, दोनदा हिसकून पाहिलं आणि समाधानाने निजायला गेला. अंगठीचं तिने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो अंगठीचाही कायदा वाचत बसला असता.

शुक्रवारी सकाळी पेटी डिकीत सगळ्यात तळाशी गेली, तिच्यावर बॅगा, बॅगांवर लग्नाचे कपडे. मुरांब्याची पिशवी मात्र व्हर्नाने पायाशी ठेवली. डिकीत ती आदळली असती.

न्यूयॉर्कची हद्द लागली तसा मर्ल ताठ बसला.

“पुढच्या विश्रांतीस्थळाला थांब,” व्हर्ना म्हणाली.

“कशाला?”

“कशाला थांबतात माणसं? मला जायचंय.”

“व्हर्ना, आपण न्यूयॉर्कमधून पार चाललोय. पार जाणं म्हणजे पार जाणं. थांबलो तर आपण न्यूयॉर्कमध्ये आलो, असं होतं.”

“मर्ल, मी मुतायला गेले म्हणून कुणी मला न्यूयॉर्कची रहिवासी करणार नाही!”

“तू जाशील मुतायला, माझी जाईल इज्जत. एका माणसाने कॉफीला गाडी थांबवली आणि दोन वर्षं कोर्टात खेटे घातले. वाचलंय मी.”

विश्रांतीस्थळ आलं आणि गेलं. दुसरंही गेलं. व्हर्ना पाय आवळून बसली होती आणि मनातल्या मनात नवऱ्याला असे शब्द वाहत होती, की त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी ऐकले असते तर तिला भजनमंडळातून काढूनच टाकलं असतं. काहीतरी दुसरं बोलावं म्हणून ती म्हणाली, “लोवेलकडे गेल्या गेल्या ती पेटी उघडून दे मला. आईची अंगठी आहे त्यात.”

मर्लने समोरचा आरसा नीट केला, मग पुन्हा नीट केला. मर्ल असं काही करू लागला की व्हर्नाला फार भीती वाटायची.

“मर्ल. किल्ली कुठे आहे?”

“टपालात.”

“कुठे?”

“टपालात. लोवेलच्या पत्त्यावर पाठवलीय. अगं, किल्ली माझ्या खिशात म्हणजे पेटी हाताशी झाली की नाही? सोमवारीच टाकलंय पाकीट, पोचलंही असेल.”

व्हर्नाने तिथल्या तिथे भावाला फोन लावला. लोवेलकडे टपाल म्हणून बियाण्यांची जाहिरात आली होती आणि विजेचं बिल आलं होतं. किल्ली आली नव्हती. शनिवारचं टपाल यायचं दुपारी जेवणानंतर, आणि लग्न होतं बारा वाजता.

“आईची अंगठी आहे ती!” व्हर्ना म्हणाली, आणि तिला खरंच रडू फुटलं. आई गेल्यापासून ती अंगठी तिने कधी कुणाच्या हाती दिली नव्हती. “माझ्या नातीच्या लग्नात काय घालायचं तिच्या बोटात? तुझं कायद्याचं पुस्तक?”

याला उत्तर द्यायला मर्लने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मागचा टायर फुटला.

स्टेपनी डिकीच्या तळाला होती. म्हणजे पेटीच्याही खाली. लग्नाचे कपडे गवतावर आले, बॅगा गवतावर आल्या, आणि मर्ल ती काळी पेटी दोन्ही हातांत धरून, ठेवू कुठे, ठेवू कुठे करत उभा राहिला. बरोबर तेव्हाच मागे पोलिसांची गाडी येऊन थांबली. रुंद काठाची टोपी घातलेला एक तरुण पोलीस उतरला.

“काय झालं सर? मदत हवी का?” मग त्याची नजर पेटीवर गेली. “त्यात काय आहे?”

दुसरा कुणी असता तर ‘क्लॅरिनेट’ म्हणून मोकळा झाला असता. मर्लने घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. कायदा, त्याचं कलम, कुठून निघालो, कुठे चाललो, वाटेत कसे थांबलो नाही, बायको किती वेळची मागे लागलीय तरी कसे थांबलो नाही.

“काडतुसं?” पोलिसाने मध्येच विचारलं.

“एकही नाही. मेव्हणा देणार आहे.”

“बरं. पेटी उघडून दाखवता?”

“नाही येत उघडता.”

पोलिसाचा हात कमरेशी गेला. “का?”

“किल्ली टपालाने येतेय.”

 पोलिसाने व्हर्नाकडे पाहिलं.

“खरंय ते,” व्हर्ना म्हणाली. “मी याच्याबरोबर आयुष्य काढलंय.”

पोलिसाने कुलूप हिसकून पाहिलं, टोपी मागे सरकवली आणि कपाळ पुसलं. “सर, नोकरीला लागल्यापासून या कायद्याने वागणारा एकसुद्धा माणूस मला भेटला नव्हता. लोक सीटखाली कोंबतात, चड्डीत खोचतात. तुम्ही चाक बदला. आणि आजी, तुम्ही चला, विश्रांतीस्थळ मागेच आहे, मी सोडतो. मुतायला थांबलं तर कुणी अटक करत नाही.”

“ऐकलंस?” व्हर्ना मर्लला म्हणाली.

तिने पिशवी उचलायला घेतली. बरण्या रस्त्याच्या कडेला टाकून ती कुठेही जाणार नव्हती. पोलिसाने पिशवी तिच्या हातून घेतली आणि कळवळला. “आजी, दगड भरलेत की काय?”

“मुरांबा आहे. नातीच्या लग्नाचा.”

जाताना पिशवी तिच्या मांडीवर होती, येतानाही होती. परत आल्यावर व्हर्नाला त्या पोराचं इतकं कौतुक वाटलं, की तिने पिशवीत हात घालून फडक्यातली एक बरणी काढून त्याला दिली. त्याने मर्लला स्वतःचं कार्ड दिलं. “पुढे कुणी अडवलं तर मला फोन करा. सांगतो मी त्यांना.”

शनिवारी सकाळी लोवेलच्या अंगणात अर्धं वऱ्हाड पेटीभोवती जमलं. लोवेलची कुलूप कापायची कात्री पहिल्याच दाबाला मोडली. “पोलादाचं आहे,” मर्ल कसनुसं तोंड करून म्हणाला, “आयुष्यभराची हमी आहे त्याला.” “कुणाच्या आयुष्याची?” लोवेल ओरडला, “पोरगी बिनलग्नाची राहील!” जनीन केस अर्धे विंचरलेले तशीच धावत आली, आणि आईकडे अशा नजरेने बघू लागली की व्हर्नाला जमिनीने गिळलं तर बरं असं झालं. शेवटी शेजाऱ्याने लोखंड कापायचं यंत्र आणलं. ठिणग्या उडाल्या, मर्लने डोळे मिटून घेतले, आणि कुलूप तुटून पडलं.

लोवेलने झाकण उघडलं. रिव्हॉल्व्हरच्या आकाराच्या खोबणीत, अगदी मधोमध, आईच्या अंगठीची निळी डबी बसली होती. जनीनने ती झडप घालून घेतली आणि पळाली.

पेटीत दुसरं काहीही नव्हतं.

“चोरी!” मर्लचा चेहरा पांढराफटक पडला. “न्यूयॉर्कमध्ये माझं रिव्हॉल्व्हर चोरीला गेलं. माझ्या नावावरचं. त्याने उद्या कुणी कुणाला मारलं तर?” आणि लोवेल “अरे, कुलूप तर तुझंच होतं” म्हणत असतानाच त्याने खिशातून पोलिसाचं कार्ड काढलं आणि नंबर फिरवायला घेतला.

व्हर्ना खोबणीकडे बघत राहिली. डबी एवढी, खोबण एवढी. दोन्ही एकदम मावत नव्हतं. हे आपल्याला आधीही कळलं होतं, असं तिला वाटू लागलं. जेवणाचं टेबल. जनीनच्या खुर्च्या. हातात काहीतरी तेलकट, गार, आणि टेबलक्लॉथला डाग पडेल म्हणून आपण ते… व्हर्नाने हाय खाल्ली.

ती स्वयंपाकघरात धावली. टेसाची एक मैत्रीण पिशवीतून बरण्या काढून ओळीने मांडत होती. “आजी, ही एक बरणी जरा वाकडी आहे का हो?” ती हातातलं बोचकं चाचपत म्हणाली. व्हर्नाने ते तिच्या हातून हिसकावलं आणि छातीशी धरून तशीच अंगणात आली.  पायाशी. मांडीवर. पोलिसाच्या गाडीत, पोलिसाच्या शेजारी. त्याला बरणी देताना हात थोडा डावीकडे गेला असता तर!

“हॅलो,” मर्ल फोनवर म्हणत होता, “मी मर्ल हॉस्टेटर, काल रस्त्यावर टायर फुटला होता तो. मला एक गंभीर गोष्ट—”

व्हर्नाने त्याच्यासमोर फडक्याचं टोक उचललं, रिव्हॉल्व्हरची नळी दिसेल इतकंच.

मर्लने पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. कालचा सगळा प्रवास त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून सरकताना तिला दिसला. हा माणूस खोटं बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. धुराड्याच्या बाबतीतही तो खोटं बोलला नव्हता. आता हा सगळं सांगणार आणि टेसाच्या लग्नातून पोलीस आपल्याला बेड्या घालून नेणार, या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मर्ल,” ती पुटपुटली, “चुकले रे मी.”

मर्लने फडक्याचं टोक पुन्हा खाली ओढलं.

“गंभीर म्हणजे तसं काही नाही,” तो फोनमध्ये म्हणाला. “माझ्या बायकोला विचारायचं होतं, मुरांबा कसा लागला.”

व्हर्नाने त्याचा मोकळा हात घट्ट धरला. पलीकडचा आवाज तिलाही स्वच्छ ऐकू आला.

“एक नंबर! काल रात्रीच अर्धी बरणी संपवली आम्ही. परत जाताना याच रस्त्याने जाणार ना? मग थांबा की जरा. आणि आजींना सांगा, तीच पिशवी आणा!”