अणूंची घट

प्रश्नपत्रिका काढणारे साहेब, तुम्ही माझा संसार अडवून ठेवलात. तुम्ही जन्मात मिठागर पाहिलेलं नाही, हे मी कुठेही उभा राहून सांगेन.

मास्तराशिवाय, घरी वाचून मी मॅट्रिकला बसलो. का? तर लग्न होऊन वर्ष उलटलं तरी माझे सासरे काशिराम मुलीला नांदायला धाडेनात. "जावय मॅट्रिक झाला की शकूला न्यावं," हा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, हे काय, एका दमात होतो!

पेपराच्या आदल्या दिवशी त्यांच्या मिठागरावर गेलो आणि ऐट म्हणून एक गणित सोडवून दाखवलं. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मिठात सोडियमचे अणू किती? सहावर तेवीस शून्यं.

सासरे मिठाच्या राशीवरून खाली उतरले. "घट धरली का, जावयबापू?"

"कसली घट?"

"ओलं मीठ गाडीत भरलं का पनवेलला पोचंपर्यंत मणामागं, म्हंजी चाळीस शेरांत, पाच शेर पानी गळतं. ती घट आदीच कापाची. आन् मातीचं काय? तुमचं पुस्तक कदी आगरात उतरलंय का?"

शकू पाटीत मीठ भरत होती. ती हसली. तिथेच मी मेलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच प्रश्न, साहेब, तेच साडेअठ्ठावन्न ग्रॅम. सहावर तेवीस शून्यं लिहून मी मोकळा झालो होतो. पण डोळ्यांपुढे शकूची पाटी ठिबकायला लागली. मिठागरवाल्याचा जावई ओल्या मिठाला सुकं म्हणणार? उत्तर खोडलं. पाण्याची घट कापली, सव्वापाच उरले. मातीपायी वरचा पाव उडवला. पाचावर तेवीस शून्यं, आणि खाली ठळक लिहिलं : माल पनवेल पोच.

शास्त्रात नापास.

सासऱ्यांना म्हटलं, "तुमच्या घटीनं घात केला."

"घट मी मिठाची सांगितली. अणूंची कोनी सांगितली?"

आतून शकू म्हणाली, "आवो, सहाच ठेवाचं ना. गिऱ्हाइकाला घट कोन सांगतं का कदी?"

"पोरगी हुशार हाय माझी," सासरे म्हणाले. "धाडाची घाई नाय करत. बगू फुडल्या सालाला."

तर साहेब, फुडल्या सालापर्यंत मी माझ्या हातच्या करपलेल्या भाकऱ्या खाणार. तुमचं ते मीठ कुठल्या आगरातलं होतं? सुकं होतं की ओलं? उत्तर द्या.