नेमदादांचा नेम का चुकला

"माझा हात म्हणजे दगड! एकवेळ दगड हलेल, पण हा हात हलायचा नाही!"

नेमदादांनी ही फुशारकी सुरू केली की खुशाल समजावं, काडतुसांचा नवा लॉट चाचणीला आलाय. काम तसं ऐकायला सोपं. कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक लॉटमधली काही काडतुसं उचलायची आणि झाडून बघायची. रायफलची असतील तर लांबच्या कागदावर, पिस्तुलाची असतील तर जवळच्या. सगळी उडाली पाहिजेत, एकही नळीत अडकता कामा नये, आणि कागदावरची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. झाकली तर लॉट पास. नाही झाकली तर अख्खा लॉट फोडायचा, गोळी वेगळी, दारू वेगळी, आणि पुन्हा श्रीगणेशा!

नेमदादांच्या शेजारी स्टुलावर जो बसायचा त्याला सगळे दुर्बीणच म्हणत. दुर्बिणीला डोळा लावून कागदावर काय झालं ते सांगायचं, हे त्याचं काम. सांगायचं म्हणजे बोंबलायचं! कारण आयुष्यभर ठो-ठो ऐकून दादांचे कान कामातून गेले होते. कानाशी ढोल बडवला तर म्हणायचे, "कुणी दार वाजवतंय का रे?"

तर त्या सकाळी रायफलचा लॉट होता. दादांनी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, गाल दस्त्याला लावला, श्वास रोखला आणि एकामागून एक सगळी काडतुसं झाडली. एकही फुसकं निघालं नाही.

"बोल! नाण्याखाली?"

दुर्बीण दुर्बिणीतून डोळा काढेना, तिथूनच बोंबलला. "तसं... जरा पसरलंय, दादा."

"जरा म्हणजे? बशीएवढं?"

"ताटाएवढं."

लागोपाठ तिसरा लॉट नापास! दादा ताडकन उठले. "दारूत गडबड आहे! वजन कमीजास्त पडतंय! बोलवा काटेताईंना!"

आता काटेताई म्हणजे दारू तोलण्याच्या काट्यावर बसणारी बाई. जिभेला हाड नाही. वजन चुकलं असं तिला तोंडावर म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. कारखान्याचे आधीचे साहेबसुद्धा तिच्याशी दोन हात लांबून बोलत. ती आली, तेव्हा रायफलींची देखभाल करणारा मिस्त्री हळूच दाराआड झाला.

"ताई, तुमचा काटा चुकतोय!" दादा गरजले.

काटेताईंनी पदर खोचला. सगळ्यांनी श्वास रोखला. आणि ताई काय म्हणाल्या? "असेल हो दादा. माझंच लक्ष नसेल. पुन्हा तोलते."

अहो, ताटाएवढा पसारा पाहून कुणी दचकलं नव्हतं, पण हे ऐकून सगळे दचकले! ताई खरोखर गेल्या, काटा पुसला, आणि सगळी दारू मुकाट्यानं पुन्हा तोलून नवी काडतुसं भरून आणली. पुन्हा झाडली. पुन्हा ताट.

मग नळीवर संशय. मिस्त्रीनं नवीकोरी, निर्दोष नळी काढून दुसरी नवीकोरी नळी बसवली आणि वर "हां, जुनीत खोट होतीच" म्हणाला. मग कागद तिरपा लागला असेल म्हणून सुताराची पाणसळ लावून कागद सरळ केला. शेवटी दादा म्हणाले, वारा असेल. आता ती चाचणीची जागा म्हणजे चारी बाजूंनी बंद, लांबच लांब बोगदा! तिथं वारा कुठून येणार? तरी दुर्बिणीनं काठीला चिंधी बांधली, मधोमध रोवली आणि डोळे बारीक करून म्हणाला, "हलतेय बरं का दादा. थोडीशी, पण हलतेय."

चिंधी ढिम्म हलत नव्हती.

तुमच्या लक्षात आलंच असेल. दोष कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, वारल्या त्याला फार दिवस झाले नव्हते. आठवडाही लोटला नसेल, तर हे कामावर हजर! आणि त्या दिवसापासून जो नेम बिघडला तो बिघडला. पण हे तोंडावर सांगणार कोण? घरी त्यांना कोणी नाही. या खुर्चीवरून उठवलं तर तो माणूस जाणार कुठे? म्हणून ज्याला जमेल तो आपल्या अंगावर दोष ओढून घेत होता.

दोष सिद्ध करायला एक शिकंजा मात्र होता. लोखंडाचा, जमिनीत बोल्टनं आवळायचा. रायफल त्यात पकडायची आणि लांबून दोरीनं चाप ओढायचा. माणसाचा हात लागतच नाही, त्यामुळे चूक काडतुसाची की हाताची ते लगेच कळतं. तो शिकंजा मिस्त्रीनं केव्हाच उचलून वाळूच्या पोत्यांमागे ताडपत्रीखाली दडवला होता. विचारलं कुणी, की "दुरुस्तीला गेलाय" सांगायचं ठरलं होतं!

आणि नेमके साहेब आले. नवे होते, हुशार होते, त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"तीन लॉट नापास! कारण काय?"

"दारू," दादा म्हणाले.

"माझी चूक, साहेब," काटेताई म्हणाल्या.

"नळी, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"वारा, साहेब," दुर्बीण म्हणाला.

साहेबांनी वर छताकडे पाहिलं, चारी भिंतींकडे पाहिलं. "वारा? इथे? अहो, शिकंज्यात लावून बघा ना!"

सगळ्यांना एकदम खोकला आला.

"तो दुरुस्तीला गेलाय साहेब!" मिस्त्री ओरडला, जरा जास्तच जोरात. साहेब "कधी? कुठे?" करत मागे सरकले, पोत्याला अडखळले आणि धाडकन ताडपत्रीवर जाऊन बसले! उठताना ताडपत्री हातात आली. खाली शिकंजा. तेलपाणी केलेला, चकचकीत!

"हा तर ठणठणीत आहे! लावा!"

लावला. रायफल आवळली. दोरी ओढली. दुर्बीण बघत होता आणि ओरडायचं विसरला होता. शेवटी साहेबांनीच कागद आणवला. सगळी भोकं एका नाण्याखाली! वर नाण्याला जागा उरली!

"म्हणजे काडतुसं उत्तम," साहेब म्हणाले. मग दादांकडे बघून जरा घुटमळले. माणूस वाईट नव्हता. "उद्या एकदा हातानं मारून बघा, दादा. नाहीच जमलं, तर स्टोअरमध्ये सोय करू. बसून काम. आराम पडेल." आणि साहेब कचेरीत निघून गेले.

दादा उठले आणि थेट काटेताईंच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. कानात सांगावं तसं हळू बोलायला लागले. आता बहिऱ्या माणसाचं हळू ते काय! बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ताई, तुमची दारू चोख होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उगाच तुमच्यावर ढकललं. माफ करा."

"अहो दादा, त्यात काय..."

"तुमच्या वहिनीची एक सवय होती. मला हाक ऐकू यायची नाही ना! मग ती मागून यायची आणि खांद्यावर दोन बोटं ठेवायची. चहा झालाय, दोन बोटं. कुणी आलंय, दोन बोटं. भांडण झालं तरी बोटंच, फक्त जरा जोरात! आता ती गेली. पण मी रायफल धरली, श्वास रोखला, चाप दाबायला आलो, की खांद्यावर दोन बोटं येतात. दर वेळी, ताई! मान जराशी वळते. गोळी जाते कुठल्या कुठे."

"घरी नाही का होत तसं?" ताईंनी मोठ्यानं विचारलं.

"घरी नाही. घरी मी बसून बसून वाट बघतो. खांदा पुढे करून बसतो वेड्यासारखा! नाही येत. इथंच येते. म्हणून म्हटलं, राहू दे की नेम चुकलेला. खरं सांगितलं असतं तर मला इथून उठवलं असतं. मग भेटायचं कुठे?"

काटेताईंनी पुसलेलाच काटा पुन्हा पुसायला घेतला. बाहेर मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीनं कागद लावला. साहेब मुद्दाम वेळ काढून आले. काटेताई हातातलं काम टाकून आल्या. दादांनी गाल दस्त्याला लावला, श्वास रोखला.

ठो.

मग थोडं थांबले. पुन्हा ठो. प्रत्येक गोळीआधी ते थांबत होते, नेहमीपेक्षा जास्त. शेवटचं काडतूस झाडून झालं तरी गाल दस्त्यावरून उचलला नाही.

"नाण्याखाली!" साहेबच ओरडले, दुर्बिणीच्या हातातून दुर्बीण ओढून घेऊन! "दादा, सगळी नाण्याखाली! कमाल केलीत!"

"अजून आणा," दादा म्हणाले.

"अहो, लॉट पास झाला!"

"अजून आणा."

दुर्बिणीनं पेटी आणून ठेवली. दादा झाडत राहिले. हात खरंच दगडासारखा होता. नळी केसभरही हलत नव्हती. काटेताईंनी एकदा "दादा, पुरे आता" म्हटलं, पण ते मागून म्हटलं होतं, त्यांना ऐकू गेलं नाही. पेटी संपली तेव्हा ते तसेच, मान न उचलता म्हणाले, "साहेब, नीट बघा. एखादी तरी बाहेर गेली असेल."

साहेबांनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ, अगदी मन लावून पाहिलं.

"एकही नाही, दादा! एकसुद्धा नाही!" साहेब आनंदानं ओरडले आणि टाळ्या वाजवू लागले. वाजवणारे ते एकटेच होते.